सर्व्हे झाला, पुढं काय? ऊसतोड बायांना त्यांचा रिपोर्ट परत कसा द्यायचा?

तेरणाकाठ (धागाकर्ती) | २ जून, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी कळंब तालुक्यातली. सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण चालू आहे आणि प्रबंधासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या बायांमधला रक्तक्षय हा विषय घेतलाय. तीन गावं, दीडशे-दोनशे बाया, एक प्रश्नावली आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन, एवढंच काम.

मागच्या आठवड्यात पहिल्या गावात नुसती ओळख करून घ्यायला गेले होते. एका मावशींच्या ओट्यावर बसले. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं, मग आत जाऊन पेटीतून एक कॅरीबॅग काढून आणली. त्यात सोनोग्राफीची फिल्म, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेलं एक संमतीपत्र. चार वर्षांपूर्वी असाच कुणाचा तरी अभ्यास झाला होता, त्याचं. खाली मावशींचा अंगठा, घडीवर निळी शाई फिकी पडलेली. "दंडातनं येवढं रक्त नेलं," म्हणून त्यांनी बोटाची दोन पेरं दाखवली. "रिपोर्ट आणून देतो म्हनले. म्हनलं कागद दाखवावा लागंल, म्हणून जपून ठिवला. तुमीच का त्या?"

मी त्या नव्हते. पण माझ्याच्यानं मान वर करून बोलवेना.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. ज्यांनी तो अभ्यास केला त्यांना पदवी मिळाली असेल, पेपर छापून आला असेल. मावशींकडं राहिला तो कागद. मी परत त्याच ओट्यावर जाऊन बोट टोचायचं का? टोचलं तर त्या गावाला मी काय, कधी आणि कशा रूपात परत द्यायला पाहिजे? ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांच्या घरी असे सर्व्हेवाले येऊन गेलेत, त्यांनी मोकळेपणानं लिहा.

फडातला_पोरगा | २ जून, रात्री १०:१५

ताई, आधी तारखेचं बघा. दसरा झाला की टोळ्या हलतात. दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी राहतात. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं घरी येईस्तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. दिवाळीनंतर जाऊन "बाया घरी भेटल्या नाहीत" असं लिहिणारे मी पाहिलेत.

माझे आई-बाप वीस वर्षं कोयत्यावर होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. बाई आजारी पडली की जोडीचा खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात आणि हंगामात फिटलं नाही तर ते पुढच्या वर्षाच्या उचलीवर चढतात. आई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायची, तेव्हा मी खाली उभा राहून फळी हलताना बघायचो. पाळीत कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, मागं पाचटाखाली झाकून वाळायचं, तसंच दमट परत वापरायचं. "पिशवी काढली की कटकट मिटली" (पिशवी म्हणजे गर्भाशय) हे वाक्य मी दहा वर्षांचा असताना ऐकलंय.

तुमच्या फॉर्ममध्ये "आजारपणात किती खाडे पडले, किती कापले" हा प्रश्न आहे का? नसला तर घाला. त्याच्याशिवाय हिमोग्लोबिनचा आकडा अर्धाच.

गोदाकाठ_अंबड | २ जून, रात्री १०:५२

कडू वाटेल, पण लिहितो. सर्व्हे पुरे झाले. बाईच्या अंगात रक्त कमी आहे हे सांगायला मशीन कशाला लागतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त. त्यात तुमच्या दोनशे घालून काय वेगळं कळणार? तेवढ्या पैशात फडावर दोन संडास आणि एक पाण्याची टाकी होईल. ती करा, बाया आशीर्वाद देतील.

मांजरा७२ | २ जून, रात्री ११:०५

+१. आमच्या तांड्यावर तर मोजणारे आले की बाया आता दारच लावून घेतात.

निवृत्त_एमओ | ३ जून, सकाळी ६:३०

मी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांवर वैद्यकीय अधिकारी (एमओ) म्हणून काम केलं. गोदाकाठ, तुमचा राग मला समजतो. पण "मोजून काय होतं" याला माझ्याकडं उत्तर आहे, तेवढं ऐका.

पिशवी काढलेल्या तरुण बाया आम्हाला ओपीडीत रोज दिसायच्या. तिशी-पस्तिशीच्या, हाडं दुखतात म्हणणाऱ्या, रात्री अंगाची आग होते म्हणणाऱ्या. ऑपरेशनात गर्भाशयाबरोबर बीजकोषही गेले की पाळी जाण्याच्या वयाआधीच शरीर त्या अवस्थेत ढकललं जातं, हाडं लवकर ठिसूळ होतात. हे आम्ही बैठकीत बोललो की वरून विचारायचे, "किती केसेस? आकडा द्या." आकडा नव्हता. २०१९ मध्ये बातम्या गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास १७. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ती याच गदारोळात. आकडा हाती आला तो मोजल्यावरच.

दुसरं, पिशवी काढणं हे दरवेळी चुकीचंच असतं असा समज करून घेऊ नका. मोठ्या गाठी असतील, औषधानं न थांबणारा रक्तस्राव असेल, कॅन्सर असेल तर ते ऑपरेशन जीव वाचवतं. आमच्याकडं दुखणं वेगळंच होतं. बाई येते ती अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो. नवरा-बायको दोघांनी आठ-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या की बरा होणारा. पण गोळ्यांचा कोर्स पुरा करायला, परत दाखवायला यायला तिच्याकडं दिवस नाहीत, कारण वर फडातल्या पोरानं लिहिलाय तो खाडा. मग कुणीतरी सोनोग्राफी करून "सूज आहे, पुढं कॅन्सर होईल" म्हणतं आणि ती उचलीच्या पैशातून ऑपरेशन करून घेते.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५० बाया तपासल्या, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरायचे. त्या एका मोजणीनं जगभरच्या डॉक्टरांना आपलं म्हणणं बदलावं लागलं.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडं. हिमोग्लोबिनच्या मीटरवर आकडा मिनिटाभरात दिसतो. तो लगेच चिठ्ठीवर लिहून बाईच्या हातात द्यायला काय अडचण आहे? रिपोर्ट "आणून देतो" म्हणायची वेळच येऊ देऊ नका.

लातूरची_लेक | ३ जून, सकाळी ८:१०

डॉक्टरकाका, तुमचं इथलं लिहिणं एका दमात वाचता आलं. तुमच्या चिठ्ठ्याही अशाच असत्या तर आमच्या मेडिकलवाल्या भावाचे कष्ट वाचले असते! 😄

मनापासून धन्यवाद. आईला वाचून दाखवलं.

आशा_गेवराई | ३ जून, दुपारी २:२०

मी आशा म्हणून बारा वर्षं काम करतेय. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

ताई, चिठ्ठी द्या, पण चिठ्ठीवर नुसता "७.२" लिहून देऊ नका. बाईला त्यातलं काय कळणार? मागं एका गावात अशा चिठ्ठ्या वाटल्या, तर एकीला वाटलं जास्त आकडा म्हणजे जास्त आजार, तिचा होता १२. रडत माझ्याकडं आली. मी शेवटी भाकरीवरून सांगितलं. बारा भाकरी पाहिजेत तिथं घरात सातच हायत, मग कसं पुरंल? तेव्हा तिच्या शेजारणीला, जिचा सात होता, तिला कळलं की दवाखान्यात जायचं ते आपल्याला.

दुसरं गोळ्यांचं. गरोदर बाई तोडीला निघाली की मी माता-बाल संरक्षण कार्ड आणि लाल गोळ्या तिच्या पिशवीत बांधून देते. गरोदरपणात १८० गोळ्या घ्यायच्या असतात. परत येते तेव्हा निम्म्या पिशवीतच. विचारलं तर म्हणतात पोट दुखतं, संडासला काळं होतं, भ्या वाटतं. काळं होणं हे औषधाचंच आहे, त्याचं काही वाईट नाही, हे जाण्याआधी कुणीतरी जवळ बसून सांगावं लागतं. आणि गोळीबरोबर चहा घेऊ नका हेही. फडावर पहाटे पोटात जातो तो चहाच.

आम्ही सीबॅक फॉर्म (तिशीपुढच्यांच्या आजारांच्या जोखमीचा) भरतो, गरोदर मातांची यादी भरतो, कुष्ठरोग-टीबीची यादी भरतो. सगळं वर जातं. माझ्या गावात मागच्या वर्षी किती बायांचं रक्त कमी निघालं हे मला कुणी खाली कळवलेलं नाही. मावशींचा कागद आणि आमची रजिस्टरं सारखीच म्हणायची.

सीना_खोरं | ३ जून, रात्री ८:४५

आशाताई, भाकरीचं उदाहरण मी आजच शाळेत वापरलं.

विषय थोडा बाजूला नेतो, पण याच्याशीच जोडलेला आहे. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक फार मोठा अभ्यास झाला, हे इथं किती जणांना माहीत आहे? मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, खेड्यांचे ५२ गट. एका गटाला एचपीव्ही (हा कॅन्सर ज्यानं होतो तो विषाणू) याची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्याला व्हिनेगर लावून बघण्याची तपासणी आणि चौथ्याला नेहमीची सरकारी सेवा. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणीच्या गटात ३४, चौथ्या गटात ६४.

माझी आई त्यात होती, असं तिच्या बोलण्यावरून मला वाटतं. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात जीप यायची, बायांना घेऊन जायची. "बार्शीचे डाक्टर आलते, बाया होत्या म्हणून गेलो," एवढंच ती सांगते. आपल्याला कुठला गट मिळाला, पुढं त्यातनं काय निघालं, तिला माहीत नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणी करा अशी शिफारस सगळ्या जगाला केली. ज्या पुराव्यावर ती उभी आहे त्यातला मोठा वाटा भूम-परंड्याच्या, तुळजापूर-उमरग्याच्या बायांचा. परवा मी आईला हे समजावून सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग सूनबाईची करून आन की ती तपासनी." शहरात खासगी लॅबमध्ये होते, पण आमच्या आरोग्य केंद्रात ती नाही. मी सुट्टी टाकून बायकोला सोलापूरला नेलं.

कन्नडचा_डोंगर | ३ जून, रात्री ९:३०

चौथ्या गटाचं मला कळलं नाही. म्हणजे तीस हजारांवर बायांना तपासणी न देता नुसतं पाहत बसले? त्यातल्या ६४ गेल्या. हे बरोबर कसं?

निवृत्त_एमओ | ४ जून, सकाळी ६:१५

कन्नडकर, हा प्रश्न पुढं मोठ्या व्यासपीठांवरही विचारला गेला आणि त्यावर जोरदार वाद झाले. संशोधकांची बाजू अशी की तेव्हा देशात अशी तपासणी कुठंच नियमित नव्हती, म्हणजे चौथ्या गटाला जे मिळालं तेच बाकी सगळ्यांना मिळत होतं. शिवाय त्या बायांना आजाराची माहिती आणि तपासणी कुठं होते ते सांगितलं होतं. विरोधकांचं म्हणणं, तपासणीनं कॅन्सर टळतो हे आधीच माहीत होतं, मग न तपासलेला गट ठेवलाच का.

माझं मत विचाराल तर, अभ्यासानं जीव वाचवणारं ज्ञान दिलं हे खरं आणि गरीब बाईला "तुमचा गट कुठला" हे तिच्या भाषेत कळायला हवं होतं हेही खरं. अभ्यास संपल्यावर तीच चाचणी त्याच जिल्ह्यात कायमची सुरू राहायला हवी होती. आज सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायांना दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी आहे. धाराशिवच्या अभ्यासात तिचा मृत्यूंवर फारसा परिणाम दिसला नव्हता, पण टाटानंच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी तीच तपासणी नेटानं केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधन स्वस्त असलं तरी पुन्हा पुन्हा जाणारी माणसं लागतात. बायांनो, आपल्या उपकेंद्रावर विचारा, ही तपासणी करून घ्या.

मांजरा७२ | ४ जून, सकाळी ७:५०

जाणारी माणसं म्हणाल तर अणदूरला डॉ. अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्याच बायांना "भारतवैद्य" म्हणून तयार केलं. आणि शेजारच्या जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून निरक्षर बायांकडून गावाचं आरोग्य सांभाळून दाखवलं. आमची एक आत्या भारतवैद्य होती. तिनं कुणाला फॉर्म दिला नाही, पण कुठल्या घरात कोण खोकतंय हे तिला तोंडपाठ असायचं.

लातूरची_लेक | ४ जून, सकाळी ९:००

जाता जाता विचारते. लोखंडी तवा, गूळ-शेंगदाणे यांनी रक्त वाढतं ना? सासूबाई रोज देतात.

निवृत्त_एमओ | ४ जून, सकाळी ९:४०

शेंगदाणे, बाजरी, पालेभाजी जरूर खावी, लोखंडी भांडंही वापरावं. पण सातवर आलेलं हिमोग्लोबिन एकट्या गुळानं वर येत नाही. तिथं गोळ्या, वेळ पडली तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन लागतं. गरोदर नसलेल्या बाईचं ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. वाट पाहू नका.

आकडेमोड | ४ जून, दुपारी १२:३०

मी लातूरला संख्याशास्त्र शिकवतो, अशा दोन-तीन अभ्यासांचं विश्लेषण केलंय. तेरणाकाठ, एक धोका आधीच सांगून ठेवतो. गावाला निष्कर्ष परत द्यायचे म्हणून बरेच जण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तक्ता लावतात. मीही एकदा तसाच करून दिला होता. वस्तीनिहाय आकडे होते. एका वस्तीत आमच्या यादीतल्या आठच बाया, आणि तक्त्यात "पिशवी काढलेल्या : ३". संध्याकाळपर्यंत त्या तिघी कोण हे गावभर झालं. एकीच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं की तिनं ते आम्हाला सांगितलंय. तक्ता मी रात्रीच काढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या बाईची माफी मागायला मी दोनदा गेलो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बाईचा स्वतःचा आकडा फक्त तिच्या हातात. गावापुढं ठेवायचं ते तिन्ही गावांचं एकत्र, आणि तेही वस्ती किंवा जात न लावता. पिशवीचा प्रश्न चारचौघांत विचारूही नका, सासू ओट्यावर बसलेली असताना तर नाहीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लोकांना निष्कर्ष परत देणं आणि त्यांची माहिती गुप्त ठेवणं, दोन्ही सांगितलंय. ही दोन्ही एकाच तक्त्यात बसतील असं समजू नका, मी तसं समजलो होतो.

गोदाकाठ_अंबड | ४ जून, रात्री ९:१५

एमओ साहेब, ८२ हजारांचं पटलं. मोजू नका हे माझं म्हणणं मागं घेतो. पण संडास आणि पाणी हे म्हणणं सोडत नाही. बाईला चिठ्ठीवर "दवाखान्यात जा" लिहून दिलं आणि ती आठ दिवसांत कोयता घेऊन निघाली तर ती चिठ्ठी कोपीत जाऊन पडणार. कारखान्याच्या आवारात महिन्यातून दोनदा तरी दवाखाना आला पाहिजे, आणि दवाखान्याचा दिवस खाडा धरायचा नाही हे मुकादमाच्या करारात आलं पाहिजे. तुमच्या प्रबंधात शेवटी शिफारशी असतात ना, त्यात हे पहिलं लिहा.

फडातला_पोरगा | ४ जून, रात्री ९:३२

गोदाकाठ दादा, याला माझे दोन्ही हात वर. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन दिवस सुट्टी दिली असती तर पिशवी ऱ्हायली असती माझी."

तेरणाकाठ (धागाकर्ती) | ६ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. फडातल्या दादा, तुमच्या आईचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

काल मार्गदर्शक मॅडमशी बोलून बरंच बदललं. काम जुलै-ऑगस्टमध्ये, माणसं गावात असताना. त्यामुळं गोळ्या सुरू करून दसऱ्याआधी एकदा परत मोजता येईल. आकडा त्याच वेळी चिठ्ठीवर, आशाताईंच्या भाकऱ्यांच्या चित्रासह: बारा गोल काढलेले, बाईचे जितके तितके रंगवायचे. ८ च्या खाली कुणी निघालं तर त्याच आठवड्यात मी सोबत जाऊन आरोग्य केंद्रात दाखवणार, ते आता आराखड्यात लिहिलंय. खाड्याचे दोन प्रश्न घातले. पिशवीचा प्रश्न आतल्या खोलीत, एकटीला, आणि नको म्हणाली तर पुढं जायचं. नावाशिवायचा एकत्रित निकाल टोळ्या निघायच्या आधी गावात बसून सांगायचा, गोदाकाठ दादांच्या मागणीसकट.

मावशींकडं परत जाऊन आले. जुना रिपोर्ट मिळवण्यासाठी त्या संस्थेला पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही. तेही मावशींना सांगितलं. त्यांनी कॅरीबॅग परत पेटीत ठेवली, पण संमतीपत्र माझ्याकडं दिलं. म्हणाल्या, "त्यांनी दिलं तर तुमी आना."

आशाताई, बैठक मारुतीच्या पारावर, दुपारी दोनला ठेवावी असं सरपंच म्हणतायत. चालेल ना?

आशा_गेवराई | ७ जून, पहाटे ५:५०

पारावर नको ताई. तिथं बाप्ये बसतात, बाया लांब उभ्या राहून ऐकतात आणि एक शब्द बोलत नाहीत. आणि दुपारी दोनला जुलैत सगळ्या खुरपणीला. रात्री जेवणं झाल्यावर, नऊच्या पुढं, अंगणवाडीत ठेवा. तिथल्या आशेला आधी भेटा, तिच्याशिवाय बाया येणार नाहीत. चावी मदतनीस बाईकडं असते, ती दिवसाच मागून ठेवायला सांगा. आणि एक बॅटरी सोबत न्या, लाईटीचा भरवसा नाही.

भाकरीच्या चित्राचा कागद झाला की इथं टाका. मलाबी पाहिजे माझ्या गावासाठी.